पिकअपचा बॉल जॉइंट पुन्हा पुन्हा जातोय? नवा आणण्याआधी हे तपासून घ्या

गाडी हळू असताना पुढच्या एका चाकाकडून एकच जड 'खट्' येतो. गतिरोधकावरून उतरताना येतो, फाटकातून आत वळताना येतो, कधी उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी येतो. वेग वाढला की तो रस्त्याच्या आवाजात बुडतो आणि आपण विसरून जातो. बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा आधार (नकल) आणि सस्पेन्शनचा हलता दांडा (आर्म) यांना जोडणारा गोळा-वाटीचा सांधा. तो जायला लागल्याची ही सगळ्यात नेहमीची खूण.

बाकीच्या खुणा अशा:

- स्टिअरिंग फिरवताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कोरडी कुरकुर. आत ग्रीस उरलेलं नाही किंवा पाणी शिरलंय.
- वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. सरळ रस्त्यावरही गाडी इकडेतिकडे सरकते, सतत सावरावी लागते.
- टायरची आतली किंवा बाहेरची एकच कड खाल्ली जाते. अलाइनमेंट करून आणलं तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.
- ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसलो ती खूण: नवा बॉल जॉइंट घातला, काही महिने शांतता, मग तोच 'खट्' परत.

आमच्या पिकअपचा उजवा लोअर बॉल जॉइंट मी दीड वर्षात तीनदा बदलला. तिन्ही वेळा वाटलं, पार्ट हलका निघाला. तिसरा काढून हातात धरला तेव्हा लक्षात आलं की त्याचा गोळा वाटीत अजून घट्टच आहे. पण जॉइंटच्या बाहेरच्या अंगावर, जिथे तो आर्मच्या भोकात बसतो तिथे, एका बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत पट्टा पडला होता. म्हणजे जॉइंट झिजलाच नव्हता. तो आर्मच्या भोकात हलत होता, कारण भोकच लांबट झालं होतं. आर्म बदलला आणि तो त्रास तिथेच संपला. त्यानंतर ओळखीच्यांच्या कितीतरी पिकअप खालून पाहिल्या. जॉइंट वारंवार जात असेल तर दोष बहुतेकदा त्याच्या शेजारी सापडतो. म्हणून कुठला जॉइंट घ्यायचा हे जुना का गेला ते कळल्याशिवाय ठरवू नका.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी बसल्या जागी होते. गाडीचा चॅसी नंबर घ्या आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी सस्पेन्शनचं काही रिकॉल काढलं होतं का ते बघा. २००५ साली टोयोटाने टॅकोमा, टुंड्रा आणि त्यांच्या भावंडांच्या साडेसात लाखांहून अधिक गाड्या फक्त पुढच्या खालच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉल असेल तर दुरुस्ती कंपनीची जबाबदारी असते, आणि दोषही तुमच्या चालवण्याचा नसतो.

मग टायर. हवा सारखी आहे का, चाकाचे नट घट्ट आहेत का. ढिल्या चाकाचा आवाज आणि बॉल जॉइंटचा आवाज वेगळा ओळखायला कठीण जातो, आणि नट आवळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एकच कड गुळगुळीत असेल तर चाक कलतंय. आतून बाहेर फिरवताना हात सरकतो आणि उलट फिरवताना करवतीसारखा अडतो, असं असेल तर आधी टाय रॉडकडे (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि टो-इनकडे (पुढची चाकं किती आत वळलेली आहेत) बघा.

आता टॉर्च घेऊन खाली वाका. बॉल जॉइंटला रबराचा बूट असतो. त्याला बारीक चीर आहे का, कडेने ग्रीस बाहेर येऊन त्यावर माती चिकटलीय का ते पाहा. बूट फाटला की त्या जॉइंटचे दिवस भरले समजा. ग्रीस बाहेर जातं तसंच पाणी आणि बारीक रेती आत येते, आणि रेती आतला पृष्ठभाग कानशीसारखी घासते. फाटक्या बुटात नवं ग्रीस भरून आवाज थांबतो, पण झिजलेलं भरून येत नाही. आवाज थांबला म्हणून निश्चिंत होणं इथे धोक्याचं आहे.

काही लोअर जॉइंटना झीज दाखवणारी खूणच दिलेली असते. ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोवती एक छोटा गोल उंचवटा असतो आणि नव्या जॉइंटमध्ये तो झाकणाच्या बाहेर सुमारे १.२७ मिमी आलेला असतो. तो झाकणाशी सपाट झाला किंवा आत गेला तर जॉइंट बदलायचाच. ही खूण गाडी चाकांवर उभी असताना बघायची. जॅकवर उचलली की भार निघतो, उंचवटा पुन्हा बाहेर डोकावतो आणि आपली फसगत होते.

आवाज नेमका कुठला

हे काम दोघांचं. गाडी सपाट जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं, हळू, डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने बाहेरून एकेका सांध्यावर बोटांची टोकं नुसती टेकवायची. बोटं आर्म आणि नकलच्या फटीत जाऊ द्यायची नाहीत. सुटलेल्या सांध्याचा ठोका कानाच्या आधी बोटाला कळतो.

इथे घाई करू नका, कारण बॉल जॉइंट धरून चार वेगवेगळे पार्ट असाच आवाज काढतात. स्टॅबिलायझरची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक सुटली असेल तर एकच चाक खड्ड्यात गेल्यावर बारीक खडखड होते, आणि दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली की ती जवळजवळ गायब होते. आर्मचे बुश (आर्म ज्यांवर वर-खाली होतो ते रबर) गेले असतील तर ब्रेक दाबताना आणि सोडताना 'धप्' येतो. शॉकअपचा वरचा रबर गेला की आवाज बॉनेटखालून येतो. यांतलं काही असेल तर बॉल जॉइंटला हात लावायचं कारण नाही. हे पार्ट बहुतेक वेळा स्वस्त असतात आणि बदलायलाही सोपे.

जॅक कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे

बॉल जॉइंट तपासताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सविस्तर सांगतो.

दुहेरी आर्मच्या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकाला दोन बॉल जॉइंट असतात, वर एक आणि खाली एक. त्यातला एकच गाडीचं वजन पेलतो, दुसरा फक्त नकलला जागेवर धरतो. वजन कोण पेलतो हे स्प्रिंग कुठे टेकलीय त्यावर ठरतं. कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल तर खालचा जॉइंट भार घेतो. बऱ्याच पिकअपची रचना अशीच असते. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर वरचा.

तपासायचं तर भार घेणाऱ्या जॉइंटवरचा भार आधी काढावा लागतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखालीच, चाकाच्या जितक्या जवळ बसेल तितका लावा आणि चाक जेमतेम जमिनीवरून उचला. जॅक चॅसीखाली लावलात तर स्प्रिंग आर्मला खाली दाबत राहते आणि जॉइंट ताणून घट्ट धरते. मग चाक कितीही हलवा, पार गेलेला जॉइंटही ठणठणीत वाटतो. मी पाहिलेल्या 'ओके' जॉइंटपैकी बरेचसे असे ओके ठरले होते. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर उलट: जॅक चॅसीखाली, आणि वरचा आर्म व चॅसी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा. सलग लोखंडी एक्सल असलेल्या फोर-बाय-फोरमध्ये जॅक एक्सलखाली. गाडी उचलल्यावर चॅसीखाली घोडी (जॅक स्टँड) ठेवल्याशिवाय हात आत घालू नका. घोडी गाडीचा भार न घेता अगदी निसटती टेकलेली असली तरी चालेल, पण हवीच.

आता चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं गेलं तर चाकाचा बेअरिंग ढिला आहे. तसंच राहिलं तर बॉल जॉइंट. ३ आणि ९ च्या जागी धरून हललं तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगकडे बघा.

शेवटी पहार. टायरखाली लांब पहार घालून चाक वर उचला आणि सोडा. नकल आणि आर्म यांच्यातलं अंतर बदलताना डोळ्यांना दिसतं का ते पाहा. आर्म त्याच्या बुशवर वर-खाली होणार, तिकडे लक्ष देऊ नका. नजर फक्त जॉइंटवर. जमत असेल तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं माप) लावा. भार न घेणाऱ्या जॉइंटमध्ये प्ले (मोकळी हालचाल) जवळपास शून्य असायला हवा. भार घेणाऱ्यात थोडी मोकळीक नव्यातही असू शकते आणि किती चालते हा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. 'हाताला थोडं लागलं' एवढ्यावर चांगला जॉइंट बाद करू नका, आणि 'सगळ्यांचंच हलतं' म्हणून गेलेला ठेवूही नका.

एक फरक माहीत असू द्या. काही रचनांत वजनाने गोळा वाटीत दाबला जातो, काहींत वजनाने गोळा वाटीतून बाहेर ओढला जातो. पहिल्या प्रकारात जॉइंट बराच काळ आवाज करून सांगतो. दुसऱ्यात झीज एका मर्यादेपुढे गेली की गोळा निसटतो, नकल सुटते आणि चाक आडवं पडतं. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची असेल आणि प्ले मर्यादेबाहेर असेल, तर ती गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. उचलून न्या.

जुना जॉइंट टाकून देऊ नका

उघडायची वेळ आलीच तर काढलेला जॉइंट पुसून उजेडात धरा. पुढची खरेदी त्यावर ठरते.

बूट फाटलेला आणि आत लालसर गंजाचं पाणी: जॉइंट पाण्याने गेला. नवा कुठलाही चांगला चालेल, बूट जपा. बूट शाबूत पण आत कोरडं: निपल असूनही कधी ग्रीस मारलं गेलं नाही. बूट फुग्यासारखा फुटलेला: ग्रीसगनचा दाब फार झाला.

दांड्याच्या मानेवर एका बाजूला ठोके बसल्यासारखी खूण असेल तर दांडा वाटीच्या कडेवर आपटतोय, म्हणजे कोन त्याच्या आवाक्याबाहेर गेलाय. गाडी उंच केलेली असेल, टॉर्शन बार पिळून पुढचा भाग वर चढवला असेल, तर हे हमखास दिसतं, बहुतेकदा वरच्या जॉइंटवर. तिथे मूळ मापाचा कितीही भारी जॉइंट घाला, तो जाणारच. उंची कमी करा, नाहीतर त्या उंचीसाठी जॉइंटचा कोन बदलून बनवलेला वरचा आर्म घ्या. बाहेर काढलेली रुंद चाकंही हेच करतात. चाक जितकं बाहेर, तितकी जॉइंटवरची तरफ लांब. झिजलेले बंप स्टॉप (आर्म फार वर आला तर अडवणारे रबर) आणि मेलेले शॉकअप यांनीही प्रत्येक खड्डा थेट जॉइंटवर येतो.

आणि बाहेरच्या अंगावर तो चकचकीत पट्टा असेल, तर आर्मचं भोक.

निवडताना

गाडीचं नाव आणि साल एवढ्यावर जॉइंट मागू नका. एकाच नावाच्या पिकअपमध्ये टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हचे जॉइंट वेगळे असू शकतात, जास्त भार वाहणाऱ्या मॉडेलचे वेगळे, आणि वर्षाच्या मध्येच कंपनी माप बदलते ते वेगळंच. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा. जुना जॉइंट मूळचाच असेल याची खात्री नसते, म्हणून नुसता नमुना दाखवून आणण्यातही धोका आहे. आधीच्या कुणी ढिल्या भोकात जाड अंगाचा जॉइंट ठोकलेला असू शकतो. व्हर्नियरने अंगाचा व्यास मोजा आणि मूळ मापाशी ताडून बघा.

जॉइंट आर्मला कसा बसतो त्याचे चार प्रकार: दाबून बसवायचा, बोल्टने बसवायचा, आट्यांवर पिळून बसवायचा, आणि आर्मबरोबरच अखंड येणारा. कारखान्यातून रिव्हेटने बसवलेला असेल तर रिव्हेट ड्रिलने काढून नवा बोल्टने बसतो. तिथे जॉइंटबरोबर आलेलेच बोल्ट वापरा, हाताशी असलेले साधे नकोत. अखंड आर्म असेल तर पूर्ण आर्म घ्यायचा, पर्याय नाही. दाबून बसणाऱ्यातही आर्मचे बुश गेलेले असतील तर मी जॉइंट आणि बुश वेगळे घेण्यापेक्षा तयार आर्मच घेतो. भोक नवं मिळतं, आणि प्रेसचं निम्मं काम वाचतं.

निपलवाला की सीलबंद, यावर वाद चालतात. सीलबंद जॉइंटमध्ये बहुधा प्लास्टिकसारख्या घट्ट पदार्थाचं अस्तर असतं. तो हलका फिरतो, स्टिअरिंग छान परत येतं, पण बूट फाटला की काही करता येत नाही. निपलवाला धातूवर धातू असेल तर सुरुवातीला स्टिअरिंग जड वाटतं, पण नवं ग्रीस जुनी घाण बाहेर ढकलतं. गाडी चिखलात, धुळीत, पाण्यात चालत असेल आणि ग्रीसगन नियमित हातात घेणारं कुणी असेल तर निपलवाला घ्या. ग्रीस मारणारं कुणीच नसेल तर चांगला सीलबंद बरा. न भरलेला निपल ही नुसती पाणी शिरायची आणखी एक जागा.

आजीवन वॉरंटीवर भुलू नका. ती पार्टची असते. पुन्हा उघडण्याची मजुरी आणि पुन्हा करायचं अलाइनमेंट तुमच्याच माथी.

नवा आणल्यावर, बसवण्याआधी, त्याचा टेपर (निमुळता) दांडा नकलच्या भोकात हाताने घालून बघा. मार्करने दांड्यावर उभ्या तीन-चार रेघा ओढा, घालून थोडा पिळा, काढा. रेघा लांबीभर सारख्या पुसल्या गेल्या तर टेपर जुळतो. फक्त वर किंवा फक्त खाली पुसल्या तर पार्ट चुकीचा आहे, किंवा नकलचं भोक मोठं झालंय. नट पूर्ण आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांच्या वर निघून गेलं, तरी अर्थ तोच. तिथे वॉशर घालून भागवू नका.

कुठे थांबायचं

कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल, तर जॉइंट सुटल्यावर त्या आर्मला फक्त तुमचा जॅक धरून ठेवतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरायचा सराव नसेल तर इथेच थांबा आणि गाडी जाणकाराकडे द्या. टॉर्शन बार सोडवण्याचंही तसंच.

दाबून बसणारा जॉइंट हाताने किंवा हातोडीच्या चार टोल्यांत भोकात गेला, तर आर्म बाद. याउलट प्रेसमध्ये तिरका चढायला लागला तर लगेच थांबा, मागे घ्या, सरळ करा. जोर वाढवलात तर भोक कापलं जाईल. प्रेसचा दाब जॉइंटच्या खांद्यावर यायला हवा, झाकणावर नाही. ढिल्या जॉइंटला वेल्डिंगचे टाके मारून धरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उष्णतेने आतलं अस्तर वितळतं, ग्रीस जळतं आणि आर्मच्या लोखंडाची ताकद जाते. नकल ॲल्युमिनियमची असेल, दांडा भोकात गंजून बसला असेल आणि पुलरने सुटत नसेल, तरीही थांबा. तिथे हातोडी चालवली की नकलच तडकते.

स्वतः करणार असाल तर थोडं

टेपर मोकळा करताना नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवा, म्हणजे सुटताना आर्म झटक्याने खाली येणार नाही. ब्रेक कॅलिपर तारेने टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर आधी सोडवा. टेपर आणि त्याचं भोक कोरडं, स्वच्छ ठेवा. तिथे ग्रीस लावलं तर आवळताना दांडा भोकात जास्त खोल ओढला जातो. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. स्प्लिट पिनसाठी भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधीच सोडू नका. दाबून बसणाऱ्यात सर्क्लिप (जॉइंट धरून ठेवणारी गोल कडी) खोबणीत पूर्ण गोल बसली आहे हे नखाने फिरवून पाहा. आर्मचे बुश सोडवले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

निपलवाल्या जॉइंटमध्ये येताना बहुधा जेमतेमच ग्रीस असतं. गाडी जमिनीवर घेण्याआधी, भार नसताना, निपल पुसून हळूहळू भरा आणि बूट किंचित फुगला की थांबा.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. मग पाचशे किलोमीटरनंतर चाक उचलून १२ आणि ६ ची तीच तपासणी पुन्हा करा, आणि जॉइंटच्या अंगावरून आर्मच्या कडेवर जाणारी मार्करची एक सलग रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी खाली वाकाल तेव्हा रेघेचा आर्मवरचा तुकडा आणि जॉइंटवरचा तुकडा एकमेकांसमोर आहेत का तेवढं बघायचं.